बारका काजवा म्हणजे काजव्याचं पिल्लू नाही

पावसाळा लागला की हा मेसेज फिरतोच, "धुऱ्यावर दिसणारे एकदम बारके काजवे म्हणजे पिल्लं, ते हळूहळू मोठे होतात." आमच्या घरीही सगळे हेच मानायचे, अन् वाटणं साहजिकच आहे, कोंबडीचं, बकरीचं पिल्लू तसंच तर वाढते.

पण काजवा हा भुंगेऱ्याच्या जातीतला किडा आहे. अंडं, अळी, कोष अन् मग पंखवाला काजवा. वाढ जी काय व्हायची ती अळीत असतानाच होते, एकदा पंख फुटले की साइज फिक्स, त्यानंतर तो एक मिलिमीटरही वाढत नाही. म्हणजे 5-6 मिलिमीटरचा, तांदळाच्या दाण्याएवढा काजवा उडताना दिसला तर तो पूर्ण वाढलेलाच आहे, फक्त जात लहान किंवा अळीपणी खायला कमी भेटलं असंन.

खरं पिल्लू पाहायचं तर खाली पहा. नाल्याकाठी, ओल्या पाल्यापाचोळ्यात चपटी, खवल्याखवल्यांची अळी असते, गोगलगाय खाते, अन् तीही चमकते बरं! मंद, जमिनीलगत.

चेक करायला काचेची बरणी घ्या, टॉर्चला लाल पन्नी लावा, काजवा हळूच आत घेऊन बाहेरून पट्टी धरा. पाठीवर पंखांची झाकणं दिसली की मोठाच समजा. पण पंख नाहीत म्हणजे पिल्लूच, असं मात्र समजू नका, काही जातीत मादीला पंखच नसतात, ती अळीसारखीच दिसते, तिथं मीही फसलो होतो. पाहून झालं की जिथून घेतला तिथंच सोडा.