वेबसाइट कोणाच्या नावावर? होस्टिंगमागचा इतिहास

रावेर-सावद्याकडच्या एखाद्या केळी रोपवाटिकेने किंवा धुळ्यातल्या क्लासवाल्या सरांनी पहिली वेबसाइट करायची ठरवली, की हातात बहुतेक वेळा एका ओळीचं कोटेशन पडतं : ‘वेबसाइट, पहिल्या वर्षाचं सगळं धरून’. या ‘सगळं’मध्ये तीन गोष्टी असतात. डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता. होस्टिंग, म्हणजे साइटच्या फायली ज्या सर्व्हरवर राहतात तिथली भाड्याची जागा. आणि साइट बांधायचं साधन. तिन्ही वेगवेगळ्या वेळी आल्या, वेगवेगळ्या हातांत राहिल्या. त्या एका बिलात कशा येऊन बसल्या, हे कळलं की नवख्या माणसाला निवड करणं फार सोपं जातं.

टिम बर्नर्स-ली यांची पहिली वेबसाइट १९९१ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या सर्न या संशोधन संस्थेत जगासमोर आली. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने हे तंत्र सगळ्यांना मोफत खुलं केलं. भारतात विदेश संचार निगमची इंटरनेट सेवा १५ ऑगस्ट १९९५ ला सुरू झाली, तीही मोजक्या मोठ्या शहरांत. ज्या गावात स्थानिक क्रमांक नव्हता तिथून मोडेमने एसटीडी लावावी लागे, म्हणजे इंटरनेटच्या खर्चावर फोनचं बिल वेगळं. त्याच वर्षी सप्टेंबरपासून डॉट कॉम नावाला दोन वर्षांचे १०० डॉलर पडू लागले, आणि ते नाव देणारी कंपनी एकच होती. १९९९ मध्ये दुसऱ्या कंपन्यांना परवानगी मिळाली तेव्हा कुठे भाव उतरले. खानदेशातल्या व्यापाऱ्याला वेबसाइट हे मुंबई-पुण्याचं काम वाटलं, ते काही उगाच नव्हे.

स्वस्त होस्टिंगचं मूळ याच वर्षांत आहे. साइटची पानं पाठवणारा अपाची सर्व्हर, ती पानं तयार करणारी पीएचपी भाषा आणि मजकूर साठवणारा मायएसक्यूएल डेटाबेस ही तिन्ही १९९५ ची. कुणालाही परवाना शुल्क न भरता वापरता येतील अशी ही साधनं. पुढच्या वर्षी सीपॅनल हे होस्टिंग सांभाळायचं साधन आलं आणि काळ्या पडद्यावर कमांड न देता माउसने साइट सांभाळता येऊ लागली. पण खरा फरक पाडला तो १९९७ मधल्या एचटीटीपीच्या, म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हर यांनी आपसात कसं बोलायचं त्याच्या, नव्या नियमावलीने. आपल्याला कोणती साइट हवी, तिचं नाव ब्राउझरने सर्व्हरला सांगायचं, असं तिच्यात ठरलं. तोवर साधारणपणे प्रत्येक साइटला स्वतंत्र आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा आकडी पत्ता, लागे. आता एकाच पत्त्यावर, एकाच मशीनवर शेकडो साइट बसू लागल्या. आज ज्याला शेअर्ड होस्टिंग म्हणतात ते हेच. म्हणून ‘अनलिमिटेड’ असं लिहिलेल्या योजनेतही प्रोसेसर, मेमरी आणि फायलींची संख्या यांना मर्यादा असतेच, ती बारीक अक्षरात असते. दुकानाच्या, शाळेच्या, पतसंस्थेच्या माहितीच्या साइटला ही मर्यादा सहसा आड येत नाही. सुरुवातीलाच महागडा स्वतंत्र सर्व्हर घ्यायला लावणाऱ्याला कारण विचारावं.

मोफत जागेचा इतिहासही तितकाच जुना. १९९४ मध्ये सुरू झालेल्या जिओसिटीजवर लाखो लोकांनी पहिलं पान बांधलं. याहूने १९९९ मध्ये ती विकत घेतली आणि ऑक्टोबर २००९ मध्ये बंद केली. ज्यांनी वेळेत फायली उतरवून घेतल्या नाहीत, त्यांचं बरंच काही गेलं.

मराठी साइटच्या वाटेत आणखी एक अडचण होती, आणि तिचे व्रण अजून दिसतात. श्रीलिपी, आकृती, किरण अशा प्रत्येक फाँटची अक्षरं साठवायची रीत निराळी. साइट बघणाऱ्याकडे तोच फाँट नसेल तर मराठीच्या जागी रोमन अक्षरं आणि चिन्हांचा खिचडा दिसे. शोधयंत्राला तर त्यातलं काहीच कळत नसे. युनिकोडमध्ये, म्हणजे जगातल्या लिपींसाठीच्या सामाईक अक्षर-संकेतात, देवनागरी १९९१ पासून होती, पण ती पडद्यावर नीट दिसायला विंडोज २००० आणि तिचा मंगल फाँट यावा लागला. विंडोज एक्सपीत तर कंट्रोल पॅनलमध्ये जाऊन एका चौकोनात खूण करावी लागे, मग संगणक मूळ सीडी मागे. सायबर कॅफेत ती सीडी कोण शोधणार? त्यानंतरही डेटाबेसचं दुखणं उरलं. मायएसक्यूएलची अक्षरं साठवायची मूळ मांडणी २०१८ च्या आठव्या आवृत्तीपर्यंत युरोपीय लिपीची होती. होस्टिंग बदलताना ही मांडणी जुळली नाही, की अख्ख्या बातमीच्या जागी प्रश्नचिन्हांच्या रांगा उमटतात. अहिराणी गाणी, ओव्या, म्हणी जपण्यासाठी साइट काढणाऱ्याने पहिल्याच दिवशी डेटाबेस ‘यूटीएफ-८ एमबी-४’ (utf8mb4, युनिकोडची अक्षरं साठवणारी मांडणी) आहे ना, हे बघून घ्यावं. मला हे होस्टिंगच्या भावापेक्षा महत्त्वाचं वाटतं, कारण ते शब्द पुन्हा सांगणारी म्हातारी माणसं दर वर्षी कमी होत आहेत.

बांधणीची साधनं पुढे दोन वाटांनी गेली. २७ मे २००३ ला मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल यांनी वर्डप्रेसची पहिली आवृत्ती दिली. हे मुक्त सॉफ्टवेअर आहे, आज जगातल्या ४० टक्क्यांहून जास्त साइट त्यावर चालतात, आणि साइट एका होस्टिंगवरून उचलून दुसरीकडे नेता येते. बदल्यात अपडेट आणि बॅकअप स्वतः सांभाळावे लागतात. जुनं प्लगइन, म्हणजे साइटला जोडलेला जादा सोयीचा भाग, तसंच ठेवलं की साइट हॅक व्हायला वेळ लागत नाही. दुसरी वाट २००६ च्या विक्ससारख्या बिल्डरची : माउसने ओढा, सोडा, झालं. होस्टिंग त्यांचंच, सुरक्षाही तेच बघतात. मात्र विक्सवरची साइट आहे तशी उचलून दुसऱ्या होस्टिंगवर नेता येत नाही, बाहेर पडायचं तर नव्याने बांधावी लागते. एकट्याने दुकान सांभाळणाऱ्याला बिल्डर सोयीचा पडेल. ज्याला वर्षानुवर्षं मजकूर साठवायचा आहे त्याने वर्डप्रेसच घ्यावं, असं माझं मत आहे.

नावाच्या बाजूने २००५ मध्ये डॉट इन सर्वांना सहज मिळू लागलं, ऑगस्ट २०१४ मध्ये देवनागरीतलं डॉट भारत आलं. लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेने २०१५ च्या अखेरीस एसएसएल प्रमाणपत्र, म्हणजे साइट आणि ब्राउझर यांच्यातली माहिती गुप्त ठेवण्याची सोय, मोफत केलं. जुलै २०१८ पासून क्रोम त्याशिवायच्या साइटला ‘सुरक्षित नाही’ म्हणू लागला. साध्या साइटच्या कोटेशनमध्ये आजही एसएसएलचे वेगळे पैसे लावलेले दिसले तर ते काढायला सांगावेत.

२०१६ मध्ये जिओ आल्यावर इंटरनेट शिवारापर्यंत पोचलं आणि गुगलच्या व्यवसाय नोंदणीसोबत मिळणारी मोफत साइट पुष्कळ दुकानदारांना पुरेशी वाटली. मार्च २०२४ मध्ये गुगलने ती बंद केली. पाटीवर, बिलबुकावर छापलेला तो पत्ता निकामी झाला. ज्यांनी स्वतःचं डोमेन घेऊन तिकडे वळवलं होतं, त्यांनी ते दुसऱ्या साइटला जोडलं आणि गिऱ्हाइकाला जुनाच पत्ता चालला.

म्हणून डोमेनकडे सातबाऱ्यासारखं बघायचं : कसणारा कुणीही असो, उतारा आपल्या नावावर हवा. वेबसाइट करून देणारा मुलगा डोमेन स्वतःच्याच खात्यात घेतो, पुढे नोकरीला पुण्याला जातो, आणि वर्ष संपताना नूतनीकरणाचा ईमेल त्याच्या जुन्या पत्त्यावर पडून राहतो. डॉट कॉम नाव मुदत उलटून रद्द झालं की सोडवून घ्यायला ३० दिवस असतात, तेही भरभक्कम शुल्क देऊन. त्यानंतर ते कुणीही घेऊ शकतं. नाव विकणारी कंपनीही बुडू शकते. दिवाळखोरीच्या कारवाईत सापडलेल्या नेट फोर इंडियाच्या ग्राहकांना आपलीच नावं नूतनीकरण करता येईनात, आणि २०२१ मध्ये डोमेन नावांचा जागतिक कारभार बघणाऱ्या आयकॅन या संस्थेने तिची मान्यता काढण्याचं पाऊल उचललं.

पैसे देण्याआधी चार गोष्टी लेखी घ्याव्यात : डोमेनच्या नोंदीवर मालक म्हणून कोणाचं नाव आहे, खात्याचा ओटीपी कोणाच्या मोबाइलवर येतो, दुसऱ्या वर्षाचा भाव किती (पहिल्या वर्षाच्या तो अनेकदा दुप्पट-तिप्पट निघतो), आणि साइटचा पूर्ण बॅकअप आपल्या पेनड्राइव्हवर कधी मिळणार. डोमेन एका कंपनीकडे आणि होस्टिंग दुसरीकडे ठेवलं तर एकीकडे बिघडलं तरी दुसरं हातात राहतं. जोडणी नेमसर्व्हरच्या, म्हणजे डोमेन कोणत्या होस्टिंगकडे जायचं ते सांगणाऱ्या, दोन ओळींची असते आणि ती बदलायला वेबसाइटवाल्याची गरज लागत नाही.