खोली कारखान्यात, सांधा पावसात

नायगावच्या बीडीडी चाळीत माझ्या आत्याची खोली होती, १६० चौरस फुटांची. त्यात मोरी, भांड्यांची मांडणी, लोखंडी कॉट, कॉटखाली ट्रंका आणि रात्री सात जणांची अंथरुणं. परवा उरणच्या रस्त्यावर ट्रेलरवरचे कंटेनर दिसले आणि मनात हिशेब केला. २० फुटी कंटेनर आतून भरतो जवळपास १५० चौरस फूट. म्हणजे आत्याची खोलीच की ती!

अशा खोल्या कारखान्यात तयार करून मुंबईत एकावर एक रचल्या तर? इकडे पाया भरेपर्यंत तिकडे खोल्या तयार. पुनर्विकासात संक्रमण शिबिरात वर्षानुवर्षं काढणाऱ्यांसाठी ही फार मोठी गोष्ट आहे. आणि मुंबईला हे नवंही नाही. काळा घोड्याचं वॉटसन हॉटेल, आजचं एस्प्लनेड मॅन्शन, १८६०च्या दशकात उभं राहिलं तेच मुळी विलायतेत ओतून जहाजानं आणलेल्या बिडाच्या सांगाड्यावर.

खोलीची रुंदी मात्र रस्ता ठरवतो. ट्रकवरचा माल साधारण अडीच मीटरपेक्षा रुंद झाला की खास परवानगी लागते. कंटेनर आतून जेमतेम पावणेआठ फूट. पलंग आडवा टाकला की दीड फुटाची वाट उरते. दोन खोके शेजारी ठेवून मधली भिंत काढलेला आराखडाच मला माणसांचा वाटतो. शिवाय पोलाद विटेच्या पन्नास-साठ पट सहज उष्णता वाहून नेतं आणि पत्रा असतो जेमतेम दोन मिलिमीटरचा. आतून रॉकवूलचा, म्हणजे उष्णता अडवणाऱ्या दगडी तंतूंचा थर, बाहेरून सावली आणि समोरासमोर खिडक्या नसतील, तर मे महिन्यात तिथे दुपार काढता येणार नाही.

पण खरी परीक्षा दोन खोल्या जुळतात त्या सांध्यांची. जुलैत वारा पावसाला आडवा मारतो. बारीक फट पाणी शोषून घेते, जशी वात तेल ओढते. मोठ्या फटीतून वाऱ्याचा दाब पाणी आत ढकलतो. नुसतं सीलंट, म्हणजे फट बुजवणारं रबरासारखं लुकण, भरलं तर ते उन्हानं कडक होऊन काही वर्षांत भेगाळतं. म्हणून चांगला सांधा दुहेरी असतो: बाहेर पाऊस अडवणारी पट्टी, मध्ये बोटभर पोकळी, आत हवाबंद सील. पोकळी बाहेरच्या हवेला जोडलेली असल्यानं पट्टीच्या दोन्हीकडे दाब सारखा राहतो आणि पाण्याला आत ढकलणारं कुणी उरत नाही. जे थेंब शिरतात ते खाली ओघळून बाहेर पडतात.

सांध्यावर जीवही अवलंबून असतो. १६ मे १९६८ रोजी लंडनच्या २२ मजली रोनन पॉइंट इमारतीत अठराव्या मजल्यावर गॅसचा स्फोट झाला. काँक्रीटच्या तयार भिंती मुख्यतः वजनावर आणि घर्षणावर टेकलेल्या होत्या. एक भिंत बाहेर फेकली गेली, वरचे मजले कोसळले आणि त्यांच्या भारानं खालचेही गेले. अख्खा कोपरा ढासळला. चौघांचा जीव गेला. भिंती आणि मजल्यांचे स्लॅब सळ्यांनी एकमेकांत ओवण्याचे नियम कडक झाले ते त्यानंतर.

टोकियोच्या नाकागिन टॉवरची चूक वेगळी. १९७२ साली १४० खोल्या चार-चार बोल्टांनी दोन मनोऱ्यांना टांगल्या. २५ वर्षांनी एकेक काढून नवी बसवायची, असा बेत होता. पण त्या इतक्या खेटून बसवल्या होत्या की एक काढायची तर वरच्या सगळ्या आधी काढाव्या लागणार. एकही बदलली गेली नाही. नळ गळायला लागले, तर पाइपांपर्यंत हात पोचेना. २०२२ मध्ये इमारत पाडली.

आत्याच्या चाळीत दोन्ही बाजूंच्या खोल्यांच्या मधून लांबलचक पॅसेज जायचा. नव्या घरांनाही तो हवा. नळ, वायरी आणि सांडपाण्याचे पाइप पॅसेजच्याच भिंतीत घ्यावेत आणि त्यांना पॅसेजमध्ये उघडणारं दार ठेवावं. म्हणजे प्लंबर आला तरी घरातलं अंथरूण गुंडाळावं लागणार नाही.