आलेखाचं चित्र नको, त्याची कृती द्या

मामांचा निफाड तालुक्यातून फोन आला. "अरे, कांदा तिसऱ्या हिश्शावर आला म्हणतात. कांदाचाळीतला माल काढून टाकू का?" त्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक आलेख फिरत होता. लासलगावचे उन्हाळ कांद्याचे सोमवार ते शुक्रवारचे भाव, पाच स्तंभ. सोमवारचा स्तंभ ताडमाड उंच आणि शुक्रवारचा त्याच्या एक तृतीयांश. हिशोबाला सोपं जावं म्हणून आकडे गोल करून घेतो: सोमवारी क्विंटलला 2000 रुपये, शुक्रवारी 1900. म्हणजे घसरण 100 रुपयांची, 5 टक्के. पण उभा अक्ष 1850 पासून सुरू झाला होता. त्यामुळे सोमवारचा स्तंभ उरला 150 एवढा आणि शुक्रवारचा 50 एवढा. डोळ्यांना दिसलेली घसरण 67 टक्क्यांची, खऱ्या घसरणीच्या तेरा पट. मामांच्या चाळीत वर्षाची कमाई होती, आणि ती काढायची की ठेवायची हे त्या चित्रावरून ठरणार होतं.

कुणी हे मुद्दाम केलं असेल असं मला वाटत नाही. मोठ्यात मोठा आणि लहानात लहान आकडा यांच्यातला फरक मोठ्या आकड्याच्या सहाव्या हिश्श्याहून कमी असला, तर रोजच्या वापरातलं एक स्प्रेडशीट सॉफ्टवेअर आपण होऊन शून्य सोडून देतं. फरकाचा अर्धा भाग लहान आकड्यातून वजा करायचा आणि तिथल्या सोयीच्या आकड्यापासून अक्ष सुरू करायचा, असा त्याचा हिशोब. 1900 वजा 50, म्हणजे 1850. माणसानं फक्त बटण दाबलं. यंत्रानं केलेली चूक यंत्रानंच पकडली तर?

संगणकाच्या जगात ही कल्पना जुनी आहे. अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये स्टीफन जॉन्सन यांनी 1978 साली 'लिंट' नावाचा प्रोग्राम लिहिला. कपड्याला चिकटलेल्या बारीक तंतूंना इंग्रजीत लिंट म्हणतात, त्यावरून हे नाव. सी भाषेतला प्रोग्राम चालवून न पाहता, नुसता वाचून, त्यातल्या संशयास्पद जागा हा लिंट दाखवायचा. आज बरीच प्रोग्रॅमर मंडळी अशा तपासनिसाशिवाय काम करत नाहीत. आलेखांसाठी असे तपासनीस गेल्या काही वर्षांत तयार झाले आहेत, आणि ते कसे चालतात ते मला इतकं आवडतं की इथे थोडं सविस्तर लिहिणार आहे.

आधी शून्याचं कोडं सोडवू, कारण त्याबद्दल दोन्हीकडून गैरसमज आहेत. नाशिककराला ते दुतोंड्या मारुतीवरून चटकन कळेल. गोदेला पूर आला की पाणी मारुतीच्या गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं, अशी बातमी गावभर होते. ही मूर्ती म्हणजे उभा स्तंभच आहे आणि तिचं शून्य पायाशी आहे. कुणी मूर्तीचा कमरेपासून वरचाच फोटो दाखवला आणि पाणी छातीपर्यंत असलं, तर फोटोतला बुडालेला भाग पाहून पाण्याचा अंदाज चुकणारच. स्तंभालेखात आपला डोळा स्तंभाची लांबी मोजतो. लांबी खालून कापली की प्रमाण बिघडतं. विल्यम क्लीव्हलँड आणि रॉबर्ट मॅकगिल यांनी 1984 साली, तेही बेल लॅब्जमध्येच काम करत असताना, माणसांना आलेख दाखवून त्यांचे अंदाज किती चुकतात ते मोजलं. एकाच मोजपट्टीवरची जागा आपण सर्वांत अचूक वाचतो. त्याखालोखाल लांबी, मग कोन, मग क्षेत्रफळ, आणि रंगाचा गडदपणा अगदी शेवटी. शाळेतल्या वृत्तालेखात दोन जवळजवळ सारख्या पाकळ्यांतली मोठी कुठली हे ओळखताना तारांबळ उडायची, त्याचं कारण हेच.

म्हणून 'प्रत्येक आलेख शून्यापासूनच सुरू झाला पाहिजे' असा नियम करावा का? मुळीच नाही. गंगापूर धरणाची पाणीपातळी समुद्रसपाटीपासून मोजतात आणि आपलं नाशिकच समुद्रसपाटीपासून जवळजवळ सहाशे मीटरवर आहे. त्या पातळीचा रेषालेख शून्यापासून काढला तर जूनचं रिकामं धरण आणि सप्टेंबरचं भरलेलं धरण एकाच सपाट रेघेवर दिसतील. रेषेत आपण लांबी वाचतच नाही, चढ-उतार वाचतो. निफाडच्या थंडीचंही तसंच. शून्य अंश सेल्सिअस म्हणजे 'उष्णता अजिबात नाही' असं नव्हे, म्हणून 10 अंश हे 5 अंशांच्या दुप्पट गरम ठरत नाहीत. थोडक्यात, शून्य हवं की नको हे खुणेच्या (स्तंभ, रेषा की ठिपके) प्रकारावर आणि आकड्याच्या जातीवर ठरतं. या दोन्ही गोष्टी चित्राच्या ठिपक्यांत नसतात, आलेखाच्या कृतीत असतात.

कृती म्हणजे पाककृतीसारखीच. अमेरिकेतल्या युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनमध्ये तयार झालेल्या 'वेगा-लाइट' या भाषेत आलेख चित्र म्हणून काढत नाहीत, वाक्यांत सांगतात. खूण: स्तंभ. आडवा अक्ष: वार, क्रमवार. उभा अक्ष: भाव, संख्या. शून्य: नाही. मामांच्या आलेखाची कृती एवढीच. त्याच विद्यापीठातल्या डॉमिनिक मोरित्झ आणि सहकाऱ्यांनी 2018 मध्ये 'ड्राको' हा प्रोग्राम मांडला, त्यात अशी प्रत्येक ओळ तर्कशास्त्रातलं एक विधान होते आणि चांगल्या आलेखाचे नियमही त्याच भाषेत लिहिले जातात. आपला नियम असा: 'खूण स्तंभ आहे, आणि स्तंभाची लांबी ज्या अक्षावर वाचायची त्यावर संख्या आहे, आणि त्या अक्षावर शून्य नाही, या तिन्ही गोष्टी एकत्र येता कामा नयेत.' ड्राकोत हा कडक नियम आहे, त्यात सूट नाही.

आता गंमत पाहा. नियमात तीन अटी आहेत, म्हणजे दुरुस्तीलाही तीन वाटा आहेत. शून्य आणा, किंवा स्तंभाऐवजी ठिपके आणि रेषा घ्या, किंवा संख्येचे गट पाडा. यातली कुठली निवडायची? इथे मऊ नियम येतात. ते मोडले तर चालतं, पण दंड बसतो. 'आडव्या अक्षावर काळ असेल तर रेषा बरी', 'रंगापेक्षा जागेनं दाखवलेलं बरं', असे ते नियम, आणि प्रत्येकाचा दंड वेगळा. हे दंड मनानंच ठरवावे लागतात असं नाही. लोकांना एकाच माहितीचे वेगवेगळे आलेख देऊन कुठल्यावरून उत्तर लवकर आणि बरोबर आलं हे मोजलेले प्रयोग घेतले, दोन आलेखांतला सरस कुठला अशा जोड्या लावल्या, आणि सरस आलेखाचा एकूण दंड कमी भरेल अशी वजनं संगणकाकडून शिकून घेतली. क्लीव्हलँड-मॅकगिल परंपरेतलं डोळ्यांचं मोजमाप असं थेट तर्काच्या नियमात उतरतं.

मग सर्वांत कमी दंडाचा आलेख शोधायचा. ऐकायला सोपं वाटतं, पण हो-नाहीचे 20 निर्णय असले की शक्यता 10 लाखांच्या वर जातात. शिवाय एक दुरुस्ती करावी तर दुसरा नियम मोडतो. आगीतून उठून फुफाट्यात. म्हणून ड्राको हे काम जर्मनीतल्या पॉट्सडॅम विद्यापीठात तयार झालेल्या 'क्लिंगो' या सॉल्व्हरवर, म्हणजे सगळ्या नियमांत बसणारं उत्तर शोधणाऱ्या प्रोग्रामवर, सोपवतो. सुडोकू सोडवताना एका चौकटीत 7 लिहिला की त्या ओळीतल्या सगळ्या चौकटींतून 7 बाद होतो, तसं क्लिंगो एका निर्णयावरून शेकडो शक्यता एका फटक्यात कापत जातो. अडला की कुठल्या निर्णयांच्या जोडीनं अडवलं ते टिपून ठेवतो आणि ती जोडी पुन्हा करत नाही. 2021 मध्ये आलेल्या 'विझलिंटर' या प्रणालीनं याच पायावर तपासनीस आणि दुरुस्त करणारा असे दोन भाग एकत्र केले. दोष कुठला ते ती सांगते आणि कृतीत काय बदलावं तेही सुचवते.

नियमांची आणखी एक जात संगणक-संशोधक जॉक मॅकिनले यांनी 1986 सालीच सांगितली होती: आकड्यांत नाही ते चित्रानं सांगू नये. नाशिक, निफाड, सिन्नर, येवला या तालुक्यांचे ठिपके रेषेनं जोडले तर निफाड आणि सिन्नरच्या मध्ये काहीतरी 'अर्धा तालुका' असल्याचा भास होतो. यावरून आठवलं. दर मे महिन्यात पंचांगातल्या नक्षत्रांच्या वाहनांवरून पावसाचे अंदाज फिरतात. मृगाचं वाहन म्हैस आलं, भरपूर पाऊस; कोल्हा आलं, दडी. एकदा तर चक्क आलेख आला होता. डाव्या अक्षावर पाऊस, उजव्या अक्षावर वाहनांना दिलेले 'गुण', आणि दोन्ही रेषा हातात हात घालून चाललेल्या. वाहन हे नाव आहे, त्याला संख्या चिकटवता येत नाही. दोन अक्ष मनासारखे ताणता-आखडता येत असतील तर कुठल्याही दोन चढत्या रेषा जुळवता येतात. तपासनीस दोन अक्षांबद्दल इशारा देईल. पण चारच सोयीची वर्षं निवडली होती, ते त्याला कृतीतून दिसणार नाही. अशा आलेखावर पेरणी ठरवणं म्हणजे बियाणं वाया घालवणं आहे.

माहितीतली फसवणूक थोडी तरी पकडण्यासाठी अँड्र्यू मॅकनट, गॉर्डन किंडलमन आणि मायकेल कोरेल यांनी 2020 मध्ये एक सुंदर युक्ती सुचवली. आलेख तोच ठेवायचा आणि माहिती हलवून पाहायची. नोंदींचा क्रम पिसला तर चित्र बदलायला नको. बदललं तर काही ठिपके दुसऱ्यांच्या खाली दडलेले आहेत. एखादा स्तंभ बऱ्याच लिलावांची सरासरी दाखवत असेल, तर त्याच नोंदींतून चिठ्ठ्या काढाव्यात तशा पुन:पुन्हा नोंदी उचलून सरासरी काढायची. उंच स्तंभ दर वेळी बुटका-उंच होत राहिला तर त्यातला फरक योगायोगाचा आहे.

हल्ली मला सांगतात, एवढं कशाला, एआयला फोटो दाखवा, तो सांगेल. फोटोवरून आकडे उतरवून घ्यायला त्याची मदत जरूर घ्यावी. पण दोष ठरवताना मला कुठला नियम मोडला ते बोट ठेवून दाखवणारा तपासनीस हवा, दर वेळी नव्यानं अंदाज बांधणारा नको. त्यासाठी बाजारभाव, धरणसाठा, पाऊस यांचे आलेख प्रसिद्ध करणाऱ्यांनी चित्रासोबत कृती आणि आकडेही द्यावेत, एवढीच माझी मागणी आहे. फाइल बहुतेकदा चित्रापेक्षा लहानच असते.

मामांना मी दोन आलेख करून पाठवले, एक शून्यापासूनच्या स्तंभांचा, एक रेषेचा. त्यांनी ते पाहिले आणि विचारलं, "बरं, पाच टक्के. पण हा भाव सरासरीचा आहे की जास्तीत जास्तचा?" मी ग्रुपवरचा मूळ आलेख पुन्हा उघडला. उभ्या अक्षाला नावच नव्हतं.