रीमास्टर वेगळं, अपस्केल वेगळं

माझ्या मामेबहिणीचं लग्न 2003 साली नौपाड्यातल्या एका हॉलमध्ये झालं. शूटिंग मिनीडीव्ही कॅसेटवर. मध्यंतरी ठाण्यातल्याच एका दुकानाने ती कॅसेट 'फोर के रीमास्टर' करून दिली. टीव्हीवर लावली आणि मामीने पहिल्याच मिनिटाला विचारलं, "अगं, माझ्या पैठणीची जर कुठे गेली?" जरीच्या जागी पिवळा गुळगुळीत पट्टा होता आणि भटजींचा चेहरा मेणाचा झाला होता. दुकानाने केलं होतं ते अपस्केल, सांगितलं रीमास्टर. सिनेमांच्या ब्लू-रे डिस्क घेतानाही हीच गल्लत होते, म्हणून हे लिहितेय.

रीमास्टर करताना मूळ साहित्याकडे परत जातात. सिनेमा 35 मिमी फिल्मवर चित्रित झाला असेल, तर निगेटिव्हमध्ये जुन्या डीव्हीडीपेक्षा कितीतरी जास्त तपशील असतो. नवा स्कॅन केला की तो बाहेर येतो. 'पथेर पांचाली'चं मूळ निगेटिव्ह 1993 मध्ये लंडनच्या आगीत होरपळलं. तरी त्यातला जेवढा भाग वाचला तो दुरुस्त करून, उरलेला इतर प्रतींमधून घेऊन 2015 मध्ये फोर के आवृत्ती तयार झाली. जळलेल्या फिल्ममधूनही एवढं हाती लागतं.

डीव्हीचं, म्हणजे मिनीडीव्ही कॅसेटवर होतं त्या डिजिटल चित्रणाचं, तसं नाही. आपल्याकडच्या टीव्हीच्या पाल पद्धतीत डीव्हीची एक फ्रेम 720 गुणिले 576, म्हणजे सुमारे 4.15 लाख ठिपक्यांची. फोर के फ्रेममध्ये ठिपके जवळजवळ 83 लाख. म्हणजे दर 20 ठिपक्यांतला एक कॅमेऱ्याने टिपलेला, बाकीचे 19 सॉफ्टवेअरने शेजारपाजार बघून भरलेले. हे अपस्केल. मामीची जर त्या 19 मध्ये गेली.

"पण डीव्हीवर चित्रित झालेला सिनेमाही थिएटरात 35 मिमीवरच दाखवला होता ना, मग ती प्रिंट स्कॅन करा की," असं माझा भाचा म्हणाला. प्रश्न रास्त आहे. डेन्मार्कचा 'फेस्टेन' (1998) हातात मावणाऱ्या हँडीकॅमवर चित्रित झाला आणि मग 35 मिमीवर उतरवला गेला. पण डीव्हीवरून फिल्मवर नेताना तेच 4 लाख ठिपके जातात, वर फिल्मचे कण तेवढे चढतात. ती प्रिंट कितीही बारकाईने स्कॅन करा, हँडीकॅमने जे पाहिलंच नाही ते त्यात सापडणार नाही.

फरक एकाच डिस्कवर बघायचा असेल तर डॅनी बॉयलचा '28 डेज लेटर' (2002) लावा. बहुतेक सिनेमा कॅनन एक्सएल1 या डीव्ही कॅमेऱ्यावरचा आहे, शेवटचा भाग 35 मिमीवरचा. ओसाड लंडनच्या दृश्यांत लांबच्या इमारतींच्या कडा विरघळलेल्या दिसतात. शेवटाला डोंगर आणि हिरवळ आली की पडदा एकदम स्वच्छ होतो. डिस्क तीच, टीव्ही तोच. अनेकांना ब्लू-रे सदोष वाटते, पण सिनेमा तसाच आहे आणि मला तो तसाच आवडतो. तो खरखरीतपणा त्या गोष्टीच्या भीतीचा भाग आहे.

मग डीव्हीवरच्या सिनेमाची ब्लू-रे घ्यावी का? माझ्या मते घ्यावी. डीव्ही टेपवर चित्राला सेकंदाला 25 मेगाबिट मिळतात, डीव्हीडीवर जेमतेम 9.8, तेही जास्तीत जास्त. त्यामुळे डीव्हीडीत अंधाऱ्या दृश्यांचे चौकोन पडतात; ब्लू-रेवर ते टळू शकतात. आवाजही बहुधा सुधारतो. फक्त जास्त तपशिलाची अपेक्षा ठेवू नका, आणि चेहऱ्यावरच्या सुरकुत्या गायब दिसल्या तर ती डिस्क परत करा.

घरच्या कॅसेटचंही तसंच. दुकानात 'फोर के करा' म्हणू नका. फायरवायर नावाच्या केबलने जशीच्या तशी डीव्ही फाइल उतरवून मागा. तासाभराच्या टेपची फाइल साधारण 13 जीबीची होते. आम्ही दुसरीकडून तशी करून घेतली. अक्षता पडताना कडांना कंगव्याचे दात दिसतात, कारण डीव्हीत एकाआड एक ओळींची दोन अर्धी चित्रं असतात. प्लेअरमध्ये डीइंटरलेस चालू केलं की ते जातात. चित्र थोडं मऊ आहे, पण मामीने पदराजवळ बोट ठेवून दाखवलं: जर चमकते, आणि काठावरचा मोर ओळखू येतो.