तडा गेल्यानंतरचे काँक्रीट

बेळगाव जिल्ह्यातील खानापूरकडे मातीची भिंत उभारताना चिखलात भाताचे काड तुडवून मिसळतात, कारण वाळताना माती आकसते आणि काड तिला फार भेगाळू देत नाही. घायपात, काथ्या, ताग किंवा अंबाडी यांचे धागे काँक्रीटमध्ये घालण्यामागे हेच तत्त्व आहे.

काँक्रीट दाब उत्तम सोसते, पण त्याची ताणशक्ती दाबशक्तीच्या साधारण दहाव्या हिश्श्याएवढीच असते. धागे घातल्याने दाबशक्ती वाढेल ही अपेक्षा चुकीची आहे. आकारमानाच्या २ टक्क्यांहून अधिक धागे घातले तर त्यांच्या गुठळ्या होतात, आत पोकळ्या राहतात आणि दाबशक्ती उलट घटते. धाग्यांचे खरे काम पहिला तडा गेल्यावर सुरू होते. तड्याच्या दोन्ही कडांत रुतलेले धागे ताण पेलतात, हळूहळू उपसले जातात आणि त्यात बरीच ऊर्जा खर्च होते. त्यामुळे एरवी क्षणात दुभंगणारा तुकडा वाकत, इशारा देत मोडतो. घायपाताच्या धाग्याची ताणशक्ती ४०० मेगापास्कलच्या वर, म्हणजे साध्या पोलादाच्या तोडीची असू शकते. काथ्या त्या मानाने दुबळा, पण तुटण्यापूर्वी पुष्कळ ताणला जातो. तरीही दोघांचा ताठरपणा पोलादाच्या दशांशाच्या आसपास किंवा त्याहून कमी असल्याने ते सळीची जागा घेऊ शकत नाहीत.

माझ्या मते खरा प्रश्न टिकाऊपणाचा आहे. काँक्रीटच्या छिद्रांतील पाण्याचा सामू (pH) १२.५ च्या वर असतो. हे अल्कधर्मी पाणी धाग्याचे तंतू जोडून ठेवणारे लिग्निन व हेमिसेल्युलोज हे घटक विरघळवते, धाग्याच्या आतल्या पोकळीत चुन्याचे स्फटिक साचतात आणि चिवट धागा ठिसूळ होतो. आलटून पालटून भिजणे आणि वाळणे ही क्रिया वेगाने घडवते, आणि खानापूरचा दीर्घ पावसाळा व त्यानंतरचा कोरडा उन्हाळा नेमके तेच करतात. यावर उपाय आहे: सिमेंटचा काही भाग वगळून भाताच्या तुसाची नियंत्रित तापमानाला जाळलेली राख, फ्लाय अॅश (औष्णिक वीजकेंद्रातील कोळशाची राख) किंवा मेटाकाओलिन (भाजलेली चिनी माती) घातल्यास त्यातील सिलिका मोकळा चुना वापरून टाकते.

उसाच्या पट्ट्यात चिपाडाचा मोह होणे स्वाभाविक आहे. मात्र त्यातली साखर धुऊन काढणे अनिवार्य आहे, कारण सिमेंटच्या वजनाच्या ०.०५ टक्के साखरही ते घट्ट होण्यास काही तास उशीर लावते. अशा काळजीने बनवलेले काँक्रीट छपराच्या पातळ कौलांना आणि आतल्या आडभिंतींना योग्य ठरते. तुळई आणि स्लॅबचा भार मात्र सळीवरच सोपवावा.