मेलोडिक हार्डकोर म्हणजे पॉप-पंक नव्हे, बाप्पा

मागच्या कापसाच्या सीझनची गोष्ट. जिनिंगसमोर ट्रॅक्टरांची रांग लागलेली, आमचा नंबर सकाळशिवाय येत नव्हता. ट्रॉलीतल्या कापसावर आडवा पडून मी बारक्या स्पीकरवर डॅग नॅस्टी या अमेरिकन मेलोडिक हार्डकोर बँडचा पहिला अल्बम लावला होता. दुसरं गाणं संपायच्या आत मागच्या ट्रॅक्टरवरचा पोट्टा येऊन चाकावर टेकला. "भाऊ, हे तं ग्रीन डेवानीच हाय. पॉप-पंक ना?"

त्या पोट्ट्यावर माझा राग नाही. रांगेत दोन माणसांना ग्रीन डे हा पॉप-पंक बँड माहीत असावा हेच आमच्याकडे नवल. राग आहे तो शहाण्यासुरत्या लोकांवर, ज्यांच्या तोंडून हेच वाक्य मी कॉलेजात असल्यापासून ऐकतो आहे. पंक म्हणजे साधं, जलद, दांडगं रॉक; हार्डकोर त्याचाच आणखी सुसाट, रागीट भाऊ. पण हार्डकोरच्या आधी 'मेलोडिक' शब्द दिसला की त्यांच्या डोक्यात 'गोड' येतं, आणि गोड पंक म्हणजे पॉप-पंक असा हिशेब लागतो.

पॉप-पंक तुम्हाला ठाऊकच आहे, म्हणून लवकर आटोपतो. १९७६ साली रामोन्सचा पहिला अल्बम आला, तिथून ही वाट निघाली. १९९४ साली ग्रीन डेच्या 'डूकी'ने ती घरोघर नेली. तीन-चार कॉर्ड (कॉर्ड म्हणजे एकदम वाजवलेले दोन-तीन स्वर), एकदा ऐकलं की जिभेवर बसणारं ध्रुवपद, आणि ते ध्रुवपद दोन-तीनदा फिरून येणार याची खात्री. मला 'डूकी' आवडतो. इथे कुणाला कमी लेखायचं काम नाही.

आता दुसरी वस्तू, मेलोडिक हार्डकोर. वॉशिंग्टन शहरात १९८० ते १९८३ मायनर थ्रेट नावाचा बँड होता. छोटी, रागीट, सुसाट गाणी. त्यात ब्रायन बेकर बहुतेक काळ बेस वाजवायचा. तो बँड मोडल्यावर, १९८५ मध्ये, बेकरने गिटार घेऊन डॅग नॅस्टी उभा केला. ड्रमवर कॉलिन सीअर्स, बेसवर रॉजर मार्बरी. १९८६ मध्ये डिस्कॉर्ड रेकॉर्ड्सने त्यांचा पहिला अल्बम काढला, 'कॅन आय से'. गायला होता बॉस्टनच्या डीवायएस बँडमधून आलेला डेव्ह स्मॉली, आणि निर्माता होता मायनर थ्रेटचाच गायक इयान मॅकाय. दहा गाणी, सगळी मिळून अर्ध्या तासाच्या आत. मेलोडिक हार्डकोर म्हणजे काय असं कुणी विचारलं तर मी व्याख्या सांगत बसत नाही, हा अल्बम हातात देतो.

या दोघांतले बारीकसारीक फरक लोक फार कौतुकाने सांगतात. हार्डकोर जलद, पॉप-पंक सावकाश म्हणे. खोटं. पॉप-पंकवाले पाहिजे तेव्हा तुफान पळतात, आणि 'कॅन आय से'मध्ये चाल उतरून गाणं श्वास घेतं अशा जागा आहेत. कपडे, केस, बूट यांवर मी एक ओळ खर्च करणार नाही. शब्दांचं म्हणाल तर एकीकडे पोरीबाळी आणि कंटाळा, दुसरीकडे स्वतःलाच उलटतपासणी, असं ढोबळ म्हणता येतं, पण ढोबळच. काही जण 'स्ट्रेट एज'चा मुद्दा काढतात, म्हणजे दारू-सिगारेट न घेणाऱ्यांची चळवळ, जिला १९८१ च्या मायनर थ्रेटच्या एका गाण्यावरून नाव मिळालं. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, म्हणून तिथे काही हार्डकोर जन्मला नाही. पुढे चला.

खरा फरक एकच आहे आणि तो कानाने पकडायचा आहे. चाल कुणाच्या हातात आहे?

पॉप-पंकमध्ये गिटार बहुतेक वेळ पॉवर कॉर्ड वाजवते. पॉवर कॉर्ड म्हणजे नुसता सा आणि प. त्यात गंधार नाही. शुद्ध गंधार असता तर कॉर्ड हसरी झाली असती, कोमल असता तर उदास. गंधारच नसल्यामुळे ती दोन्ही नाही, नुसती भिंत आहे. त्या भिंतीवर चित्र काढायचं काम गायकाचं. म्हणून 'डूकी'तल्या गाण्यातून मनातल्या मनात गायकाचा आवाज काढून टाका, मागे भरदार ठोका उरेल, पण गाणं ओळखता ओळखता नाकी नऊ येतील. उलट सगळी वाद्यं काढून नुसता आवाज ठेवा, गाणं शाबूत. तुकडोजी महाराजांचं खंजिरी भजन असंच उभं असतं. खंजिरी कितीही बोलकी असली तरी चाल गळ्यात आहे. गळा थांबला की चाल थांबली.

मेलोडिक हार्डकोर हे उलटं करतो. 'कॅन आय से'मध्ये बेकरची गिटार नुसती भिंत बांधत नाही. तो दोन युक्त्या वापरतो. एक, ऑक्टेव्ह. मधली तार बोट हलकं टेकवून मुकी ठेवायची आणि तिच्या दोन बाजूंच्या तारांवर एकच स्वर दोन सप्तकांत एकदम काढायचा. पेटीला कपलर लावला की एक पट्टी दाबल्यावर वरच्या सप्तकातलीही वाजते ना, तसं. एवढ्या गोंगाटातही ती रेघ सुरीसारखी वर येते. दुसरी युक्ती, कॉर्ड बदलताना एखादी तार मोकळी वाजू द्यायची. स्वर बदलत राहतात, ती एक तार तुणतुण्यासारखी झणझणत राहते, आणि तिच्यामुळे कधी गंधार, कधी आणखी एखादा अनपेक्षित स्वर कॉर्डमध्ये शिरतो. गाणं हसरं की उदास हे आता गिटारच ठरवते. खाली ड्रम मात्र हार्डकोरचाच, धाप-टाप धाप-टाप, एक पाय एक हात, थांबायचं नाव नाही.

मग गायक काय करतो? घोळ इथेच होतो. डेव्ह स्मॉली नुसता ओरडत नाही, ओळीच्या शेवटी सूर धरतो. तो सूर ऐकून लोक म्हणतात, बघा, गातो आहे, म्हणजे पॉप-पंक. अरे, पण तो धरतो तो सूर गिटारने आधीच मांडून ठेवलेला असतो! तो तिच्या मागून चालतो आहे.

हे माझं म्हणणं नाही, पुरावा आहे. स्मॉलीच्या आधी डॅग नॅस्टीत शॉन ब्राऊन नावाचा गायक होता. त्याच्यासोबत १९८५ मध्ये यातली गाणी एकदा रेकॉर्ड झाली होती, ती डिस्कॉर्डने २०१० मध्ये 'डॅग विथ शॉन' म्हणून बाहेर काढली. ब्राऊनचा गळा खरखरीत, त्यात सूर शोधायला कंदील घेऊन जावं लागतं. तरी गाणी तीच आहेत, आणि तितकीच सुरेल आहेत. गायक बदलला, सूर गेला, चाल जागच्या जागी. हा प्रयोग पॉप-पंकच्या एखाद्या अल्बमवर करून पाहा, हातात काही उरणार नाही. (ऐकायला मला स्मॉलीचाच अल्बम आवडतो. पुरावा वेगळा, प्रेम वेगळं.)

आमचे मोठेबाबा भजनी मंडळात पेटी वाजवतात. इंग्रजीचा गंध नाही. त्यांना मी एकदा दोन्ही ऐकवलं. 'डूकी'तलं एक गाणं ऐकून त्यांनी दोन मिनिटांत पेटीवर गायकाची ओळ काढली. 'कॅन आय से' लावल्यावर बराच वेळ मान खाली घालून बसले, मग पेटीवर काढलं ते गिटारचं. मी विचारलं, गायकाचं का नाही काढलं? म्हणाले, "बाबू, गाणारा बोलून राहिला न् वाजवणारा गाऊन राहिला." वीस वर्षांत मला हे एवढ्या थोडक्यात सांगता आलं नव्हतं.

आता बांधावरचं झाड. डिसेंडन्ट्स या बँडचा पहिला अल्बम, १९८२ चा 'मायलो गोज टू कॉलेज'. पंधरा गाणी, बावीस-तेवीस मिनिटं. वेग हार्डकोरचा, पण मायलो ऑकरमन खरोखर गातो, आणि खाली टोनी लोम्बार्डोचा बेस वेगळीच चाल धरून पळतो. दोन्हीकडचे लोक हे झाड आपल्या वावरात आहे म्हणून भांडतात. माझी कसोटी इथे अर्धीच लागते, हे कबूल. पण बांधावर एक झाड आहे म्हणून दोन वावरं एक होत नाहीत, हे आमच्याकडे पटवाऱ्याला विचारायला लागत नाही.

'कॅन आय से' पहिल्यांदा ऐकणाऱ्याला दोन विनंत्या. शफल बंद करा. दहा गाणी ज्या क्रमाने लावली आहेत त्याच क्रमाने जाऊ द्या, पहिल्या 'व्हॅल्यूज हिअर'पासून. नंतरच्या आवृत्तीत शेवटी जोडगाणी चिकटवली आहेत, ती पहिल्या फेरीत ऐकू नका. आणि फोनच्या उघड्या स्पीकरवर तर बिलकूल ऐकू नका. त्यात बेस गळतो, ड्रम पत्र्यावर पडलेल्या गारांसारखा वाजतो, मग उरतो एकटा गायक आणि तुम्ही पुन्हा म्हणणार, हे तं पॉप-पंक. पुढच्याच वर्षी, १९८७ मध्ये, पीटर कॉर्टनर नावाच्या नव्या गायकाला घेऊन त्यांनी 'विग आऊट अॅट डेंकोज' काढला. तो जास्त गुळगुळीत आहे. सुरुवात त्याने केलीत तर मला सांगू नका.

पहिल्या फेरीत मुद्दाम गायकाकडे दुर्लक्ष करा. शब्द कळले नाहीत तरी चालेल. उजवा-डावा जिकडे गिटार ऐकू येईल तिकडे कान ठेवा आणि ती कुठे नुसती कॉर्ड आपटते, कुठे रेघ ओढते एवढंच बघा. दुसऱ्या फेरीत स्मॉली ऐका. त्याचा सूर आधी कुठे ऐकला होता ते आपोआप लक्षात येईल.

मी हा अल्बम सगळ्यात जास्त ऐकला तो हरभऱ्याच्या जागलीला. रात्रीची लाईन, ओलिताचं पाणी चालू, मचाणावर मी. एकाच कानात इअरफोन, कारण दुसरा कान रानडुकरांसाठी मोकळा ठेवावा लागतो. त्या एका कानात कधी नुसतीच गिटार जास्त यायची, आणि मी तेवढीच गुणगुणत बसायचो. एकदा कळप अगदी धुऱ्यापर्यंत आला तेव्हा इअरफोन काढून मोठा स्पीकर लावला, आवाज पूर्ण. डुकरं पळाली. मोठेबाबांचं म्हणणं, ती टॉर्चला भ्याली.