लक्ष्मणझुला : पायवाटेवरचा पूल

चारधाम करून परतलेल्या परभणी-नांदेडकडच्या घरांत मावंद्याच्या दिवशी गंगाजलाच्या तांब्याच्या गडूबरोबर एक फोटोही हातोहात फिरतो : ऋषिकेशजवळच्या लक्ष्मणझुल्यावर, एका हाताने लोखंडी दोर घट्ट धरून उभे असलेले आजी-आजोबा. त्या फोटोत पर्यटनस्थळ वाटणारा हा पूल मुळात पायी चालणाऱ्यांसाठी होता. बदरीनाथची जुनी पायवाट येथे गंगा ओलांडून डाव्या काठाने फूलचट्टी, मोहनचट्टी असे मुक्काम करत देवप्रयागकडे जात असे.

लक्ष्मणाने येथेच तागाच्या दोरावरून गंगा पार केल्याची श्रद्धा आहे. पुढे दोरांना टांगलेल्या टोपलीत बसवून यात्रेकरूंना पलीकडे ओढून नेत, असे सांगतात. त्या टोपलीला तिकडे म्हणत ‘छींका’, म्हणजे आपले शिंकेच. स्वामी विशुद्धानंदांच्या प्रेरणेने सूरजमल झुनझुनवाला यांनी 1889 मध्ये 284 फुटांचा लोखंडी दोरांचा पूल बांधून दिला. हरिद्वारला रेल्वे 1886 मध्येच पोहोचली होती आणि 1900 च्या सुमारास हैदराबाद–मनमाड लोहमार्ग झाल्यावर मराठवाड्यातल्या यात्रेकरूलाही तिथवर गाडीने जाणे शक्य झाले. पायपीट उरली ती पुढची.

1924 च्या महापुरात तो पूल वाहून गेला. आजच्या पुलाचे काम 1927 मध्ये सुरू झाले आणि 11 एप्रिल 1930 रोजी तो रहदारीस खुला झाला. त्याचा गाळा 450 फुटांचा, तर रुंदी अवघी 6 फूट. मनोऱ्यांवरून गेलेल्या पोलादी दोरांना उभ्या सळ्यांनी त्याची वाट टांगलेली आहे. परंतु तिला ताठ ठेवणारी भक्कम कैची, म्हणजे त्रिकोणी जोडणीची लोखंडी चौकट, नसल्याने भार पडेल तिथे ती किंचित दबते आणि आजूबाजूला उचलली जाते. ‘झुला’ हे नाव असे पायांनाच पटते.

बदरीनाथचा मोटाररस्ता उजव्या काठाने झाल्यावर जुन्या वाटेवरच्या चट्ट्या, म्हणजे मुक्कामाच्या जागा, ओस पडल्या, पूल मात्र गजबजतच राहिला. त्या 6 फुटांत यात्रेकरू, गायी आणि हॉर्न वाजवणाऱ्या दुचाक्या एकमेकांना वाट देत. नदीच्या खालच्या अंगाला 1986 मध्ये रामझुला झाला, तरी लक्ष्मणझुल्यावरची गर्दी हटली नाही. जीर्ण झाल्यामुळे जुलै 2019 मध्ये त्यावर निर्बंध आले, 2020 मध्ये तो पूर्ण बंद झाला आणि शेजारी ‘बजरंग सेतू’चे काम हाती घेण्यात आले. बंदीनंतरच्या फोटोंत आपली माणसे काठावर उभी दिसतात, हात मोकळे, आणि पूल मागे.